अमेरिकेचे विमान रखडले तर: कोकणातून निघणाऱ्यांसाठी तिकिटापासून भरपाईपर्यंत

रत्नागिरी, चिपळूण, कणकवली किंवा सावंतवाडीहून अमेरिकेला जाणाऱ्याचा प्रवास तीन तुकड्यांचा असतो. घर ते मुंबई, मुंबई ते युरोपातला एखादा विमानतळ, आणि तिथून अटलांटिक ओलांडून पलीकडे. उशीर तिन्हींत होऊ शकतो, पण प्रत्येक ठिकाणी कायदा वेगळा. ‘युरोपात विमान लेट झाले की सहाशे युरो मिळतात’ हे व्हॉट्सअॅपवर फिरणारे वाक्य अर्धेच खरे आहे. मुंबईहून युरोपमार्गे अमेरिकेला एकाच तिकिटावर जाणाऱ्यांना तर तो नियम बहुधा लागूच होत नाही. त्यांच्या हातात दुसरी हत्यारे आहेत, पण ती कमी लोकांना माहीत असतात.

तुम्हाला काय मिळणार हे गेटवरच्या वादावादीत ठरत नाही. तिकीट काढताना त्यातले बरेचसे ठरून गेलेले असते. म्हणून सुरुवात तिकिटापासून.

तिकीट काढताना

पहिला प्रश्न: संपूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर आहे का? स्वस्त पडते म्हणून एजंट किंवा वेबसाइट कधी कधी दोन वेगळी तिकिटे जोडून देतात, मुंबई–पॅरिस एका कंपनीचे आणि पॅरिस–न्यूयॉर्क दुसऱ्या कंपनीचे. कागदावर दोन्ही एकाखाली एक छापलेली दिसतात, म्हणून ती एकच वाटतात. पहिले विमान उशिरा पोहोचून दुसरे चुकले तर दुसरी कंपनी तुम्हाला ‘प्रवासी आलाच नाही’ असे धरते आणि ते तिकीट बुडते. परतीचे तिकीट त्याच पीएनआरवर असेल तर तेही रद्द होते. एकच पीएनआर असेल तर मात्र तुम्हाला शेवटच्या ठिकाणी पोहोचवणे ही कंपनीची जबाबदारी. एजंटला सरळ विचारा: ‘बॅग मुंबईहून शेवटपर्यंत टॅग होणार का, आणि पहिले विमान लेट झाले तर दुसरे कोण देणार?’ उत्तर गुळमुळीत आले तर तिकिटे वेगळी आहेत असे समजा.

दुसरी गोष्ट, ‘ऑपरेटेड बाय’ ही बारीक अक्षरातली ओळ. तिकिटावर एका कंपनीचा फ्लाइट नंबर असतो आणि विमान उडवते दुसरीच. युरोप, ब्रिटन आणि कॅनडाचे नियम विमान प्रत्यक्ष उडवणाऱ्या कंपनीला धरतात. ते नाव वेगळे लिहून ठेवा.

तिसरी गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते, पण तिच्यापायी माणसे हकनाक विमानतळावर बसून राहतात. बाजारपेठेतल्या एजंटने बुकिंगमध्ये स्वतःचा मोबाइल आणि ईमेल टाकलेला असतो. वेळ बदलल्याचा संदेश त्याच्याकडे जातो, आणि रविवारी त्याचे ऑफिस बंद असते. तिकीट हातात आले की कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर आणि आडनाव घालून बुकिंग उघडा आणि तुमचा नंबर व अमेरिकेतल्या मुलाचा किंवा मुलीचा ईमेल त्यात घाला.

चौथी, मधल्या विमानतळावरचा वेळ. कंपन्या एक-दीड तासाचे कनेक्शनही विकतात, कारण कागदावर ते चालते. मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटणारी विमाने युरोपात सकाळी पोहोचतात आणि युरोपातून अमेरिकेकडे जाणारी बहुतेक विमाने सकाळ ते संध्याकाळ या वेळेत सुटतात. म्हणून अडीच-तीन तासांचे अंतर ठेवा, आणि आपण धरलेल्या विमानामागे त्याच दिवशी त्याच गावाला आणखी एखादे विमान आहे ना, ते पाहा. दिवसातले शेवटचे विमान चुकले तर रात्र तिथेच काढावी लागते, आणि भारतीय पासपोर्टवर ती रात्र हॉटेलात जाईलच असे नाही.

घर ते मुंबई: इथला उशीर तुमच्या खात्यावर

कोकण रेल्वे किंवा मुंबई–गोवा महामार्ग यांच्यामुळे विमान चुकले तर विमान कंपनीवर कसलीच जबाबदारी येत नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रकच वेगळे असते, गाड्या मुद्दाम कमी वेगाने चालवतात. दरड आली तर तेवढाही भरवसा नाही. महामार्गावर परशुराम घाट आणि माणगाव–इंदापूरची कोंडी, गणपतीत तर सगळाच रस्ता.

रात्री १:४५ चे विमान असेल तर आदल्या रात्रीची कोकणकन्या धरून पहाटे ठाण्याला उतरणे सगळ्यात बिनधोक, हाताशी पूर्ण दिवस राहतो. त्याच दिवशीची मांडवी कोरड्या दिवसांत कशीबशी पुरते, आषाढ-श्रावणात नाही. आणि तारीख नीट वाचा. ‘१२ तारीख, ०१:४५’ म्हणजे ११ तारखेच्या रात्री विमानतळावर हजर. ही चूक शिकलेली माणसेही करतात.

मोपा (गोवा) किंवा चिपी (सिंधुदुर्ग) विमानतळावरून विमानाने मुंबई गाठायची असेल तर ते तिकीट शक्यतो त्याच पीएनआरवर घ्या. मग मोपाचे विमान रखडले तरी पुढचे विमान देणे हे कंपनीचे काम होते. वेगळे घेतले तर ते रेल्वेच्या तिकिटासारखेच, तुमच्या जोखमीवर. मुंबईत देशांतर्गत विमान कोणत्या टर्मिनलला, किंवा नवी मुंबईला उतरते का, तेही आधी बघा. नवी मुंबई ते सहार, म्हणजे मुंबईचा आंतरराष्ट्रीय विमानतळ, हा प्रवास संध्याकाळच्या गर्दीत दोन तास सहज खातो.

उशीर का होतो, हे का विचारायचे

कारण विचारायचे ते कुतूहलापोटी नव्हे. पैसे मिळणार की नाही ते कारणावर ठरते.

लांब पल्ल्याचे एकच विमान रात्री अमेरिकेहून युरोपात येते, दोन-तीन तास थांबते आणि परत जाते. ते येतानाच उशिरा आले तर जातानाही उशीर होतो. फ्लाइटरडार२४ सारख्या अॅपवर तुमच्या फ्लाइट नंबरखाली ‘येणारे विमान’ दिसते. ते अजून समुद्रावरच असेल तर फलकावर ‘वेळेवर’ लिहिलेले असले तरी विश्वास ठेवू नका. हिवाळ्यात न्यूअर्क, टोरांटोकडे विमानावरचा बर्फ काढायला रांग लागते. पश्चिमेकडे जाताना जेट स्ट्रीमचा वारा समोरून असतो, म्हणून जाताना जास्त तास लागतात आणि येताना कमी. अटलांटिकवरची वाहतूक मुख्यतः शॅनविक आणि गँडर ही दोन नियंत्रण केंद्रे सांभाळतात. वाऱ्याप्रमाणे रोज नवे हवाई मार्ग आखले जातात आणि ठरलेली वेळ हुकली की नवी वेळ मिळेपर्यंत थांबावे लागते. त्यात वैमानिकांच्या ड्यूटीचे तास संपले की नवे कर्मचारी येईपर्यंत विमान हलत नाही. फ्रँकफर्टला रात्री ११ ते पहाटे ५ उड्डाणांना बंदी असते, त्यामुळे तिथे संध्याकाळी झालेला दोन तासांचा उशीर दुसऱ्या सकाळवर जाऊ शकतो. भारतीय कंपन्यांच्या थेट विमानांचे गणित वेगळे बिघडले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने त्यांना हवाई हद्द बंद केल्यावर वळसा पडला आणि काही फेऱ्यांना व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावे लागले.

यातले वादळ, हवाई नियंत्रणाचे निर्बंध, पक्षी धडकणे ही कारणे युरोपीय कायद्यात ‘असाधारण परिस्थिती’ ठरतात, भरपाईचे रोख पैसे मिळत नाहीत. तांत्रिक बिघाड मात्र सहसा असाधारण मानला जात नाही, हे युरोपीय न्यायालयाने २००८ मध्येच सांगितले. कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा संपही नाही (२०२१). वैमानिक आजारी पडणे हेही असाधारण नाही, असे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ठरवले. काउंटरवर ‘ऑपरेशनल रीझन’ असे सांगितले तर ते कारण नव्हे, उत्तर टाळणे झाले.

उशीर जाहीर झाल्यावरचा पहिला तास

फलकाचा फोटो काढा, फ्लाइट नंबर आणि वेळ दिसेल असा. काउंटरवर जाऊन उशिराचे कारण लेखी मागा. कागद देत नसतील तर कंपनीच्या अॅपमधल्या चॅटवर तोच प्रश्न विचारा आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. महिनाभराने कारण बदलते, तेव्हा हा स्क्रीनशॉट कामाला येतो.

मुंबईहून सुटणाऱ्या विमानाला डीजीसीएचे, म्हणजे भारतातल्या नागरी विमान वाहतूक नियामकाचे, नियम लागू होतात, मग कंपनी परदेशी असली तरी. पाच तासांपेक्षा लांब उड्डाणाला चार तास किंवा जास्त उशीर होणार असेल तर जेवण-अल्पोपाहार. उशीर २४ तासांपेक्षा जास्त असेल, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेत सुटणारे विमान सहा तासांपेक्षा जास्त लांबणार असेल, तर हॉटेल आणि तिथवरची ने-आण. अमेरिकेची बहुतेक विमाने याच वेळेतली असल्याने हा दुसरा भाग लक्षात ठेवावा. कूपन आपणहून कोणी आणून देत नाही, मागावे लागते. नुसत्या उशिरासाठी रोख भरपाई मात्र भारतीय नियमांत नाही.

विमान शेवटी उतरले की दार उघडल्याची वेळ टिपा. युरोपीय नियमात पोहोचण्याची वेळ म्हणजे चाके टेकल्याची नव्हे, प्रवाशांना उतरण्यासाठी निदान एक दार उघडल्याची वेळ. तीन तासांच्या आसपासच्या दाव्यात ही दहा-पंधरा मिनिटे पारडे फिरवतात.

सही घेऊन व्हाउचर देऊ लागले तर वाचल्याशिवाय सही करू नका. खाण्याचे कूपन घेण्यात काही अडचण नाही. ‘पुढील प्रवासासाठी व्हाउचर, यापुढे कोणताही दावा करणार नाही’ असे लिहिलेला कागद वेगळा.

जोडविमान चुकले: आधी व्हिसा, मग वेळ

नवे तिकीट बहुतेकदा आपोआप तयार होते आणि अॅपवर दिसते. ते यंत्राने केलेले असते आणि यंत्र तुमचा पासपोर्ट बघत नाही. ‘हो’ म्हणण्याआधी मार्ग तपासा.

नव्या मार्गात शेंगेनमधले, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातले, दोन विमानतळ आले, उदाहरणार्थ फ्रँकफर्टहून अॅमस्टरडॅम आणि तिथून न्यूयॉर्क, तर मधला प्रवास देशांतर्गत धरला जातो. त्यासाठी इमिग्रेशन ओलांडावे लागते, म्हणजे शेंगेन व्हिसा हवा. अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर शेंगेनच्या एकाच विमानतळावरून, आतल्या आत, विमान बदलता येते. बाहेर पडता येत नाही. अमेरिकेला जाताना टोरांटो किंवा माँट्रियलमार्गे पाठवत असतील तर भारतीय पासपोर्टला कॅनडाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो, अमेरिकेचा व्हिसा असला तरी. उलट कॅनडाला जाणाऱ्याला न्यूयॉर्कमार्गे पाठवले तर अमेरिकेचा व्हिसा हवाच, कारण अमेरिकेत इमिग्रेशन न ओलांडता विमान बदलण्याची सोय नाही. अशा वेळी काउंटरवर एवढेच म्हणावे: ‘या मार्गाचा व्हिसा माझ्याकडे नाही, एकाच ट्रान्झिटचा मार्ग द्या.’ दुसऱ्या कंपनीच्या विमानात जागा असेल तर फ्लाइट नंबर स्वतः शोधून पुढे करा. रांगेत शंभर माणसे असताना काउंटरवरच्या माणसाला शोधायला वेळ नसतो. रांगेत उभे राहून त्याच वेळी कंपनीच्या भारतातल्या नंबरवर फोनही लावावा, बहुतेक वेळा फोनवरचे काम आधी होते.

मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला एकटे निघालेले आई-बाबा हा आपल्याकडचा नेहमीचा प्रवासी. त्यांच्यासाठी व्हीलचेअर मदत आधीच नोंदवा, पाय धडधाकट असले तरी. मदतनीस सोबत असला की चुकलेल्या विमानाचे पुढे काय करायचे हे तोच काउंटरवर नेऊन करतो. त्यांच्या खिशात इंग्रजी मोठ्या अक्षरात एक कागद द्या: नाव, पीएनआर, शेवटचे ठिकाण, मुलीचा फोन, आणि ‘इंग्रजी बोलता येत नाही, कृपया या नंबरवर फोन करावा’. रक्तदाब-साखरेच्या गोळ्या तीन-चार दिवस जास्तीच्या, आणि त्या हातातल्या पिशवीत.

कोणता कायदा कुठे लागतो

युरोपीय नियम २६१/२००४ फेब्रुवारी २००५ पासून लागू आहे. युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुटणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला, आणि बाहेरून संघात येणाऱ्या पण युरोपीय कंपनीने उडवलेल्या विमानाला. ३,५०० किलोमीटरपेक्षा लांब उड्डाण तीन तास किंवा जास्त उशिरा पोहोचले आणि कारण असाधारण नसेल तर माणशी ६०० युरो, उशीर तीन ते चार तासांचा असेल तर ही रक्कम निम्मी होऊ शकते. युरोपातून अमेरिकेचे सगळे मार्ग या लांबीत बसतात.

आता अडचण. २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयाने ठरवले की एकाच बुकिंगवरच्या जोडप्रवासात सुरुवात आणि शेवट दोन्ही संघाबाहेर असतील आणि संघात फक्त विमान बदलले असेल, तर हा नियम लागू नाही, विमान युरोपीय कंपनीचे असले तरी. मुंबई–फ्रँकफर्ट–न्यूअर्क एका पीएनआरवर म्हणजे नेमके हेच. आमच्या मते सुरक्षित प्रवासासाठी एकच पीएनआर योग्यच आहे, पण त्या सुरक्षिततेची किंमत म्हणून सहाशे युरो विसरावे लागतात.

मग तो कोणाला लागतो? मुंबईहून युरोपीय कंपनीने पॅरिसला मुलाकडे जाणाऱ्यांना. पॅरिसहून परत मुंबईला येणाऱ्यांना, कोणत्याही कंपनीने. आणि जे आई-बाबा महिनाभर म्युनिकला राहून वेगळ्या तिकिटावर शिकागोला जातात त्यांना. अशा युरोपातून सुरू होणाऱ्या प्रवासात पुढे अमेरिकेतल्या अमेरिकेत दुसरे विमान असेल आणि उशीर तिथे झाला, तरी एकच बुकिंग असल्यास हक्क टिकतो, हेही २०२२ मध्येच ठरले. ज्यांना नियम लागतो त्यांना कारण काहीही असो, अगदी ज्वालामुखीची राख असली तरी, जेवण आणि रात्रीची सोय मिळालीच पाहिजे. पाच तास किंवा जास्त उशीर झाल्यास प्रवास सोडून पैसे परत मागता येतात.

ब्रिटनने ब्रेक्झिटनंतर हाच नियम पौंडांत ठेवला. ३,५०० किलोमीटरपेक्षा लांब असेल तर ५२० पौंड, तीन ते चार तासांच्या उशिराला २६०. तिथली न्यायालये २०२० नंतरच्या युरोपीय निकालांना बांधील नाहीत. म्हणून मुंबई–लंडन–न्यूयॉर्क प्रवासात लंडनहून सुटणारे विमान रखडले तर दावा जरूर टाकावा, पहिल्या नकाराने सोडू नये. इंग्लंडमध्ये मुदत सहा वर्षांची आहे.

कॅनडाचा नियम २०१९ पासूनचा आणि तो आपल्या लोकांना जास्त उपयोगी पडतो, कारण कॅनडाला येणारी-जाणारी विमाने त्यात येतात, मग सुरुवात कुठूनही असो. मोठ्या कंपनीचे विमान तीन ते सहा तास उशिरा पोहोचले तर ४०० कॅनडियन डॉलर, सहा ते नऊ तासांना ७००, नऊ किंवा जास्त तासांना १,०००. अट अशी की कारण कंपनीच्या हातातले असावे आणि सुरक्षेसाठी आवश्यक नसावे. कंपन्या या ‘सुरक्षे’च्या आडोशाला पटकन जातात, म्हणून कारणाचा स्क्रीनशॉट इथे सगळ्यात मोलाचा. अर्ज एका वर्षात करायचा, कंपनीने ३० दिवसांत उत्तर द्यायचे.

अमेरिकेत उशिरासाठी रोख भरपाईचा कायदाच नाही. तिथला हक्क परताव्याचा. अमेरिकेला येणारे किंवा तिथून जाणारे आंतरराष्ट्रीय विमान सहा तास किंवा जास्त लांबले आणि तुम्ही प्रवास केलाच नाही, पर्यायही घेतला नाही, तर पैसे परत: क्रेडिट कार्डावर कामकाजाच्या सात दिवसांत, इतर मार्गांनी वीस दिवसांत. विमानात बसवून धावपट्टीजवळ ताटकळत ठेवले तर दोन तासांत पाणी व खाणे द्यावे लागते, आणि आंतरराष्ट्रीय विमानात चार तासांच्या आत उतरण्याची संधी द्यावी लागते, सुरक्षेची अडचण नसल्यास.

जहाजावर चढायला ह्यूस्टन किंवा रॉटरडॅमला निघालेल्या खलाशांसाठी एक सूचना. तिकीट जहाज कंपनीने काढले असले तरी युरोपीय भरपाई प्रवाशाची असते, पैसे भरणाऱ्याची नाही. मात्र खलाशांचे खास सवलतीचे भाडे सर्वसामान्यांना मिळत नाही, या मुद्द्यावर विमान कंपनी हरकत घेऊ शकते. तिकिटावर भाड्याचा प्रकार काय लिहिला आहे तो बघून ठेवा.

खर्चाची भरपाई: माँट्रियल करार

ज्यांना वरचे काहीच लागू नाही त्यांचा आधार हा. १९९९ चा माँट्रियल करार भारताला २००९ पासून लागू आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे उशिरामुळे झालेले प्रत्यक्ष नुकसान कंपनीने भरून द्यायचे, नुकसान टाळण्यासाठी शक्य ते सर्व केले होते हे तिने सिद्ध केले नाही तर. २८ डिसेंबर २०२४ पासून कमाल मर्यादा माणशी ६,३०३ एसडीआर आहे, म्हणजे ढोबळ मानाने साडेआठ हजार डॉलर. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक, त्याचा दर रोज बदलतो.

मनस्तापाचे पैसे इथे मागू नका, पावत्या मागतात. परतीचे विमान चौदा तास उशिरा मुंबईत उतरले तर त्या उशिरामुळे झालेला कोकणापर्यंतचा खर्च हा तुमचा खर्च: बुडालेले रेल्वेचे तिकीट, सावंतवाडीहून न्यायला आलेल्या गाडीचे थांबण्याचे भाडे, पनवेलच्या लॉजची रात्र, नवे तिकीट. गाडीवाल्याकडून तारीख, गाडी नंबर आणि ‘विमान उशिरा आल्याने थांबण्याचे’ असे लिहिलेली सही-शिक्क्याची पावती घ्या, पैसे यूपीआयने द्या. रोख दिलेला खर्च सिद्ध करणे जिकिरीचे. खर्च वाजवी असावा, विमानतळावर खाऊन-पिऊन टॅक्सीने थेट मालवण गाठल्याचे बिल कोणी मान्य करणार नाही.

बॅग आली नाही तर

विमानतळ सोडण्याआधी पट्ट्याजवळच्या काउंटरवर तक्रार नोंदवा. तिथे पीआयआर नावाचा कागद आणि दहा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. शेवटचे उड्डाण ज्या कंपनीचे, तिच्याकडे नोंद करायची. अमेरिकेत पहिल्या विमानतळावर सहसा बॅग उचलून कस्टम्स ओलांडून पुन्हा द्यावी लागते, पुढच्या गावापर्यंत टॅग लावलेला असला तरी. ही पायरी विसरली की बॅग तिथेच राहते.

बॅग येईपर्यंत लागणारे कपडे, औषधे घ्या आणि बिले ठेवा. बॅग उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत, फुटलेली मिळाली तर सात दिवसांत लेखी दावा पोहोचला पाहिजे. २१ दिवस आलीच नाही तर ती हरवली असे धरता येते. मर्यादा १,५१९ एसडीआर, सुमारे दोन हजार डॉलर. आमसुले, कुळथाचे पीठ आणि सुके बोंबील यांची किंमत यात लावायला गेलात तर कंपनी नाशवंत मालाचे कलम दाखवेल. दागिने आणि कागदपत्रेही चेक-इन बॅगेत नकोत. बॅग बांधून झाली की उघडी असताना एक आणि बंद केल्यावर एक, असे दोन फोटो घ्या.

दावा कसा लिहायचा

कंपनीच्या संकेतस्थळावरचा फॉर्म भरा आणि तोच मजकूर ईमेलनेही पाठवा. इंग्रजीत, पण मोजका. पहिल्या परिच्छेदात प्रवाशांची नावे पासपोर्टप्रमाणे, पीएनआर, तेरा आकडी ई-तिकीट क्रमांक, फ्लाइट नंबर, तारीख. दुसऱ्यात ठरलेली वेळ, प्रत्यक्ष दार उघडल्याची वेळ, एकूण उशीर, काउंटरवर सांगितलेले कारण. तिसऱ्यात कोणत्या नियमाखाली किती रक्कम, माणशी वेगळी. लहान मुलाचे स्वतःचे तिकीट असेल तर त्याचाही वेगळा हक्क असतो. शेवटी बँकेचा तपशील, आणि ३० दिवसांत उत्तर न आल्यास पुढची पायरी कोणती, ते एका वाक्यात. बोर्डिंग पास, फोटो, पावत्या एकाच पीडीएफमध्ये. राग, इतिहास, काउंटरवरच्या बाईचे बोलणे यातले काही नको.

दाव्याच्या एजन्सी मिळालेल्या रकमेचा पाव ते तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त ठेवून घेतात. सरळ प्रकरणात त्यांची गरज नाही. युरोपातल्या न्यायालयात जाण्याची वेळ आली तरच विचार करा, आणि एजन्सीशी करार केल्यावर स्वतः कंपनीशी बोलणी करू नका, दोन्हीकडून अडकाल.

नकार आला किंवा उत्तरच नाही, तर मुंबईहून सुटलेल्या वा मुंबईत उतरलेल्या विमानासाठी आधी केंद्र सरकारचे एअरसेवा पोर्टल. तिथे तक्रार कंपनीच्या नोडल, म्हणजे तक्रारी हाताळणाऱ्या, अधिकाऱ्याकडे जाते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद करता येते. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, म्हणजे चिपळूणच्या माणसाला मुंबई-दिल्ली गाठायची गरज नाही, रत्नागिरीचा आयोग चालतो. कुडाळ-मालवणच्या माणसाला सिंधुदुर्गनगरीचा. ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल होते. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या प्रकरणात शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. परदेशी कंपनी असेल तर तिच्या भारतातल्या कार्यालयाचा पत्ता प्रतिवादी म्हणून द्या, मुख्यालयाचा नुसता पत्ता दिल्यास नोटीस पोहोचायलाच महिने जातात.

ग्राहक आयोगाची आणि माँट्रियल कराराची, दोन्हींची मुदत दोन वर्षांची. कराराची मुदत मुक्कामी पोहोचल्याच्या किंवा पोहोचायला हवे होते त्या दिवसापासून मोजतात, आणि कंपनीशी चाललेल्या ईमेलमुळे ती थांबत नाही. अठरा महिने झाले आणि ‘आपली तक्रार विचाराधीन आहे’ एवढेच येत असेल, तर उत्तराची वाट न पाहता तक्रार दाखल करून टाका.